मोतिया कार्ड आणि गुलाबी व्याही

ही गोष्ट बाहेर सांगायची न्हाय, असा बायकोचा हुकूम हाय. पण तुम्ही काय बाहेरचे? ओता चहा, सांगतो. एवढा मोठा गाढवपणा आख्ख्या कोल्हापुरात कुणी केला नसंल!

आमच्या अश्विनीचा साखरपुडा ठरला. पावणं हातकणंगल्याकडचं. मी म्हणालो, आमंत्रणाची कार्डं घरीच छापायची. घरात प्रिंटर हाय, मी रिटायर हाय, मग प्रेसवाल्याच्या पाया कशाला पडायचं?

कागदाच्या दुकानात गेलतो, तिथं मोत्यासारखी चकाकणारी कार्डं दिसली. आहाहा! हलवलं की घडीत चंदेरी, घडीत गुलाबी.

दुकानदार म्हणाला, "काका, प्रिंटर कसला हाय? शाईचा का पावडरचा?"

"कलर हाय!" मी ताठ्यात.

"तसं न्हवं. शाईचा असंल तर ह्याच्यावर वाळत न्हाय. ही चकाकी शाई पीतच न्हाय."

मला शिकवतोय! "तू बांध," म्हणालो.

पहिलं कार्ड प्रिंटरमधनं बाहेर आलं आणि मला माझाच अभिमान वाटला. बायकोला हाक मारली. तिनं कौतुकानं नुसता अंगठा फिरवला, आणि 'चि. अश्विनी' गायब! कार्डावर निळा फराटा आणि बायकोचा अंगठा मतदान करून आल्यासारखा.

दिवसभर पंख्याखाली ठेवली, वाळंनात. इस्त्री फिरवली, तर आख्खं आमंत्रण इस्त्रीच्या बुडाला!

"पावडर टाकून बघा की," अश्विनी म्हणाली. ओल्या शाईवर कसलीशी पावडर टाकली की अक्षरं उठून दिसतात, असं तिनं मोबाईलवर बघितलतं. कसली पावडर, हे विचारतंय कोण? देवघरात जोतिबाचा गुलाल होता, पिशवीभर. भुरभुरला, झटकला, आणि काय सांगू! अक्षरं मखमलीसारखी गुलाबी!

"बघ," मी बायकोला म्हणालो, "प्रेसवाल्याच्या बापाला जमंल काय?"

रविवारी सकाळी पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून निघालो. पहिलं आमंत्रण व्याह्यांना. कार्डांची पिशवी स्कूटरला पुढं अडकवलेली. आता आपले रस्ते तुम्हाला ठाऊकच. दर खड्ड्याला पिशवी उडायची आणि गुलाल माझ्या तोंडावर. गाव येईस्तोवर मी टकलापासून चपलेपर्यंत गुलाबी! पण मला कुठं दिसतंय? स्कूटरचे आरसे फुटून जमाना झाला.

वेशीतच हलगी कडाडत होती. तीसेक माणसं, सगळी गुलालात न्हालेली. मला बघितलं आणि ओरडली, "आला रं आला, आपला माणूस आला!"

मला वाटलं, व्याह्यांनी माझ्या स्वागताला माणसं धाडली! डोळ्यात पाणीच आलं हो. "अहो, कशाला एवढं?" म्हणेपर्यंत दोघांनी मला खांद्यावर घेतलं. मग मीबी हात हलवले. खोटं कशाला बोलू, वर बसून थोडा नाचलोसुद्धा.

मिरवणूक थेट व्याह्यांच्या दारात. हलगीनं नुसता धुमाकूळ घातला. व्याही उंबऱ्यात उभे, तोंड एरंडेल प्याल्यासारखं. मला वाटलं, भारावलेत.

"राम राम व्याही!" मी वरनंच ओरडलो. "तुमच्यामुळं हा दिवस बघायला मिळाला!"

हलगी बंद. ज्यांच्या खांद्यावर होतो त्यातल्या एकानं मान वर करून विचारलं, "पावणं, तुमी कुठलं?"

"मी? ह्यांचा व्याही की!"

त्यानं मला पोत्यासारखं खाली सोडलं. "अवो, ह्ये दूध संस्थेच्या इलेक्शनात पडल्यात! आत्ताच निकाल लागलाय! आमी त्यांस्नी चिडवाय आलतो!"

बघता बघता गर्दी पांगली. हसत हसत पांगली, हे वेगळं सांगायला नको. अंगणात मी आणि व्याही.

"पावणं," ते सावकाश म्हणाले, "तुमीबी त्यांच्यातलंच व्हय?"

"न्हाय हो! ह्यो गुलाल कार्डाचा हाय!" मी घाईघाईनं एक कार्ड त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते उलटंपालटं केलं. अक्षर एक शिल्लक न्हवतं. नुसता निळा-गुलाबी चिखल.

"काय हाय ह्ये?"

"साखरपुड्याचं आमंत्रण."

"छापलं कुणी?"

"मी. घरीच."

आत विहीणबाई तोंडात पदर कोंबून गदगदा हलत होत्या. व्याही मात्र कार्डच निरखत उभे. पोरीचं जमलेलं लग्न मी तीस माणसांच्या खांद्यावर बसून मोडलं का काय? घरी कुठल्या तोंडानं जाऊ?

शेवटी व्याह्यांनी माझ्याकडं वरनं खाली बघितलं. "एकच विचारतो. खरं सांगायचं. पोरगी तुमच्यावर गेलीया काय?"

"न्हाय! शप्पथ न्हाय!" मी हातच जोडले. "समदी आईवर गेलीया!"

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग हरकत न्हाय. या आत. अगं, पावण्यांस्नी आंघोळीला पाणी काढ!"

साखरपुडा झाला, लग्नबी दणक्यात झालं. लेकीचं लग्न जुळवण्यात तुमचा वाटा काय, असं कुणी विचारलं तर मी छाती पुढं काढून सांगतो, ती माझ्यासारखी न्हाय, एवढाच!