पाटलांनी न पाडलेली भिंत

आमच्या घराची आजवर एकच भिंत पडली, आणि ती पडली तेव्हा आत पाहुणा आंघोळ करत होता.

ही गोष्ट आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना पाठ आहे. लग्न असो, बारसं असो, पंगतीत कुणीतरी ती काढतंच. माझ्या बहिणीचे, म्हणजे कौसाबाईचे सासरे रखमाजी पाटील अंगानं आडवे. मुलगी बघायला आले, आंघोळीला बसले, भिंतीला जरा टेकले, आणि भिंत गेली! ऐकणारे पोट धरून हसतात. पाटील गेल्यावर त्यांची नातवंडंही हसतात. या हसण्यात मी नेहमी सामील असायचो, इतरांपेक्षा जरा मोठ्यानंच. आता दात गेले आहेत, हसणं शोभत नाही, तेव्हा खरं सांगून टाकतो. ती भिंत पाटलांनी पाडली नाही. मी पाडली. पाटील फक्त त्या वेळी तिथे ओले होते.

हे निजामाच्या राजवटीतलं. आमचं गाव बदनापूरपासून गाडीवाटेवर. मी जालन्यात एका जिनिंगमध्ये कारकून होतो. सकाळच्या आगगाडीनं जायचो, संध्याकाळी परत यायचो. माझी शाळा उर्दूत झालेली होती, त्यामुळे माझं शहाणपण घरात कुणालाच तपासता येत नसे. पुढच्या सगळ्या प्रकाराचं मूळ तिथेच आहे.

त्या साली कौसीला दोन ठिकाणची माणसं बघून गेली होती. दोघांनीही ‘कळवतो’ म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. माय धास्तावली. बापूंनी बोलणं कमी केलं, आणि कौसी गप्प राहून दुप्पट काम करू लागली, जणू दोष तिचाच होता. अशात जाफराबादेकडून रखमाजी पाटलांचा निरोप आला, की पुढल्या महिन्यात मुलगी बघायला येतो. पाटलांची शेती मोठी, शिवाय पूर्णेच्या काठी विटांची भट्टी. हेही स्थळ गेलं तर चौथं येईलच असं कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं.

मी ठरवलं, की या पाहुण्याला पोह्यांवर सोडायचं नाही. घरच्या भट्टीतली गरम नानखटाई द्यायची! (ती जालन्याहून डबाभर विकत आणता आली असती. कौसी तेच म्हणाली होती. पण त्यात माझं कर्तृत्व कुठे दिसलं असतं?)

जालन्याला आमच्या जिनिंगच्या वाटेवर करीमचाचांची बेकरी होती. त्यांची घुमटाची भट्टी मी बाहेरून रोज बघत होतो, आणि रोज बघितलेली वस्तू आपल्याला बांधता येते असा माझा समज होता. चाचांना विचारलं, तर त्यांनी उलट मलाच विचारलं, “बाबू, इंट काटना आता क्या?”

मी म्हणालो, त्यात काय यायचंय?

चाचांनी मग समजावून सांगितलं. घुमटाला अख्खी वीट चालत नाही. अर्धी लागते, आणि तीही एका टोकाला निमुळती, म्हणजे शेजारी शेजारी बसवत गेलं की गोलाई येते. कापायच्या आधी वीट भिजवायची, वाळूवर ठेवायची, छन्नीनं चारही बाजूंनी हलक्या हातानं रेघ पाडायची, आणि मग एकच घाव. मी मान हलवत सगळं ऐकलं. घरी पोचेपर्यंत त्यातलं ‘एकच घाव’ तेवढं लक्षात राहिलं.

बदनापुराहून गाडीभर विटा आणल्या आणि परड्यात कामाला लागलो. पहिल्या घावात विटेचे तीन तुकडे झाले. दुसरीचे पाच. तिसरी वीट शाबूत राहिली, अंगठा गेला. अंगठ्याला चिंधी बांधून पुन्हा बसलो. मायच्या पिठात लाल कचकच यायला लागली. म्हैस माझ्या हातातली छन्नी बघितली की पान्हा चोरायची. दहा विटा फोडाव्यात तेव्हा कुठे घुमटात बसेल असा एक तुकडा निघायचा, आणि तोही जरा ‘समजून घ्यावा’ लागायचा. घुमट गुडघ्याइतका वर आला आणि गाडी रिकामी झाली.

आता विटा आणायच्या कुठून? आमच्या गावची घरं पांढऱ्या मातीची. आमच्या सगळ्या घरात विटा होत्या त्या एकाच ठिकाणी, न्हाणीत. बापूंनी कापसाच्या एका चांगल्या सालात ती पक्की न्हाणी बांधली होती. वर छप्पर नाही, परड्याकडून आत जायला उघडी वाट, पण गल्लीकडची भिंत पुरुषभर उंच. आलेल्या पाहुण्याला लोक घर दाखवतात. बापू न्हाणी दाखवायचे.

मी वरच्या थरातल्या दोन विटा काढल्या. दोन विटांनी काय होतंय? दुसऱ्या दिवशी, गुरं बांधायच्या गडबडीत, आणखी काही काढल्या. त्यांचंही तेच झालं, चुरा. चार-सहा दिवस गेले आणि कौसी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “दादा, भिंत खाली येऊन राह्यली.”

“तुला वाटतंय तसं.”

“मला न्हाई, आख्ख्या गल्लीला वाटून राह्यलं. आंघोळ करताना माझी मान दिसती बाहेरून.”

मग आम्ही भावाबहिणीनं युक्ती काढली. फुटलेले तुकडे भिंतीवर नुसतेच रचले, चिखल न घालता. म्हणजे चांगल्या विटा सापडल्या की काढायला सोपे. वरून कौसीनं पांढऱ्या मातीनं असं सारवलं, की भिंत पहिल्यापेक्षा देखणी दिसू लागली. बापू एकदा तिथे थांबून समाधानानं हुंकारले. घरातल्या बायकांना कौसीनं ताकीद दिली, की सारवण ओलं आहे, भिंतीला हात लावू नका, कपडा टाकू नका. ते सारवण तीन आठवडे ओलंच होतं, आणि त्याच्या आडून मी पक्क्या विटा कमरेपर्यंत काढून नेल्या.

माझा बेत असा होता, की पाटील यायच्या आधी सुट्टी काढायची, विटा आणायच्या आणि भिंत पुन्हा बांधायची. पण पाटलांना बदनापुरात काही काम निघालं आणि ते सांगितल्या दिवसाच्या आदल्याच दिवशी, भल्या सकाळी दारात उतरले. रात्रभराचा बैलगाडीचा प्रवास, अंगभर फुफाटा. बापूंनी राम राम केला आणि म्हणाले, “आधी आंघोळ करून घ्या. न्हाणी पक्की हाय आपली.”

मी अर्ध्या घुमटापाशी छन्नी घेऊन उभा होतो. या वेळी पुढे होऊन खरं सांगता आलं असतं. मी मारुतीला नारळ बोललो आणि जागचा हललो नाही.

पाटलांनी धोतर, बंडी आणि भलामोठा पटका भिंतीवर टाकला. भिंत उभी राहिली. मी आणखी एक नारळ बोललो. पाटलांनी पंचा गुंडाळून दोन तांबे अंगावर घेतले, तोंडाला साबण लावला. भिंत उभीच! मग साबण पुसायला मिटल्या डोळ्यांनी त्यांनी धोतराचं टोक चाचपलं आणि ओढलं. धोतराबरोबर पटका आला, पटक्याबरोबर एक तुकडा सुटला, आणि त्या तुकड्यानं बाकीच्यांना बोलावून घेतलं. माझं तीन आठवड्यांचं रचलेलं काम धडधडत गल्लीत गेलं. गल्लीच्या पलीकडे आड होता, आणि आडावर निम्म्या गावच्या बायका.

“काय पडलं?” पाटलांनी साबणातून विचारलं.

“काही न्हाई, पाटील,” मी म्हणालो. “तुमचं चालू द्या.”

आणि त्यांनी चालू दिलं! उघड्यावर, कमरेइतक्या भिंतीमागे, निम्म्या गावासमोर त्या भल्या माणसानं शांतपणे मान चोळली, कान धुतले, डोक्यावर तांब्या ओतला आणि डोळे उघडले. आडावरच्या बायकांनी पटापट पदर ओढून पाठी फिरवल्या. पाटलांनी गल्लीकडे बघितलं, मग तांब्या खाली ठेवून ओले हात जोडले आणि म्हणाले, “राम राम, मायबाई.”

मी घोंगडी घेऊन धावलो आणि भिंतीच्या जागी ती धरून उभा राहिलो. तोवर बापू आले, माय आली. बापूंनी आधी भिंतीकडे बघितलं आणि मग सावकाश माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत प्रश्न तयार होत होता. तो त्यांच्या तोंडात येण्याआधी मी बोललो, “पाटील, लागलं न्हाई ना? टेकलात का तुम्ही?”

एवढंच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लबाड वाक्य, आणि ते मी काळजीच्या सुरात म्हटलं.

पाटील वाकले. एक तुकडा उचलला, उलटापालटा करून बघितला. माझ्या चिंधीतल्या अंगठ्याकडे बघितलं. परड्यातल्या अर्ध्या घुमटाकडे बघितलं. मग तुकडा खाली ठेवला.

“व्हय,” ते म्हणाले. “टेकलो असंल.”

बैठक बसली. माय आत चुलीपाशी डोळे पुसत होती. हेही स्थळ गेलं, आणि तेही उघडं पडून गेलं. कौसी पोहे घेऊन आली. पाटलांनी बशी घेताना तिचे हात बघितले. नखांत, बोटांच्या पेरांत लाल भुकटी मुरलेली.

“मेंदी लावली का, पोरी?”

“न्हाई,” कौसी खाली बघत म्हणाली. “दादाला मदत करत होते.”

“बराबर,” पाटील म्हणाले आणि पोहे खाऊ लागले.

बापूंनी खाकरून देण्याघेण्याचा विषय काढला, तसा पाटलांनी हात वर केला. “तुमची पक्की न्हाणी माझ्या अंगानं गेली. आता मी कोणत्या तोंडानं काही मागू? पोरगी द्या अन् नारळ द्या. बाकी काही बोलू नका.”

ठरलं! माय आत रडत होती, ती आता वेगळ्या कारणानं रडू लागली. पाटलांची गाडी वळल्यावर बापू मला म्हणाले, “माणूस मोठा हाय. पण अंग सांभाळाया पाहिजे त्यानं.” मी म्हणालो, हो.

थोड्याच दिवसांत जाफराबादेकडून दोन गाड्या विटा आल्या. पाटलांनी भिंतीची भरपाई धाडली होती. गाडीवानानं पहिल्या गाडीतल्या विटा न्हाणीपाशी उतरवल्या, चौकोनी, टणटणीत. दुसऱ्या गाडीतल्या मात्र तो परड्यात माझ्या घुमटापाशी रचू लागला. बापूंनी एक उचलली. वीट अर्धीच होती, आणि एका टोकाला निमुळती.

“अशा कामून धाडल्या? भट्टी बिघडली का पाटलाची?”

“न्हाई, मालक,” गाडीवान म्हणाला. “मुद्दाम पाडून घेतल्या. कुठं लावायच्या ते पोरीच्या भावाला ठावं हाय म्हणले.”

बापूंनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. न्हाणीच्या भिंतीला निमुळत्या विटा लागत नाहीत, हे आभाळालासुद्धा कळत होतं.

त्या विटांनी घुमट एकही घाव न घालता बंद झाला. लग्नात मी नानखटाई भाजली, आणि पंगतीआधी पहिलं ताट मानानं पाटलांपुढे ठेवलं. त्यांनी एक उचलून चावली. पुन्हा चावली. मग ती हातात घेऊन उठले आणि मला म्हणाले, “इठ्ठलराव, जरा भट्टी दाखवा. अन् छन्नी घ्या संगं.”

भट्टीमागे आम्ही दोघंच होतो. मी छन्नी पुढे केली. म्हणालो, “पाटील, तुम्हाला ठावं होतं.”

“माझी विटांची भट्टी हाय, बाबा. टेकून पडलेली भिंत येगळी अन् रचून ठेवलेली येगळी.”

“मंग तेव्हा बोलला कामून न्हाई?”

“बोललो असतो तर तुमच्या बापूनं तुम्हाला घराबाहेर काढलं असतं. अन् ती पोर भावाबिगर बोहल्यावर चढली नसती. तिचे हात बघितल्ते मी.” मग त्यांनी नानखटाई वाळूवर ठेवली. “मला काय, माझं अंग हायेच आडवं. कापा आता. हळू. चारी बाजूनं आधी.”

मी रेघ पाडली आणि एक घाव घातला. बरोबर दोन तुकडे झाले, सरळ, कडासुद्धा न तुटता. पाटलांनी एक स्वतःच्या तोंडात टाकला, एक मला दिला, बराच वेळ चघळला आणि मांडवात जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “लई खुसखुशीत झाली.”

त्यानंतर ते पुष्कळ जगले. कौसीला त्यांनी सुनेसारखं कधी वागवलं नाही, लेकीसारखं वागवलं. आणि दर लग्नात लोक भिंतीची गोष्ट काढायचे तेव्हा ते स्वतःच पोटावर हात फिरवून सगळ्यांत आधी हसायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत. ते बघत नाहीत म्हणून मी मोठ्यानं हसायचो. मागच्या दिवाळीला कौसी मला म्हणाली, “दादा, मामंजींचं नाव धुऊन टाक आता. मी सारवायला हाये.”

तर हे धुतलं. माझ्यासाठी तो माणूस जन्मात दोनदा खोटं बोलला. पहिलं भिंतीचं, ते आज मी दुरुस्त केलं. दुसरं नानखटाईचं. ते दुरुस्त करायची गरज नाही. त्या लग्नाला आलेल्यांपैकी जे कुणी आहेत, त्यांना तोंड उघडून दात दाखवायला सांगा.