आईने जपलेली रिकामी पाकिटं

मी शाळेत शिकवायचे आणि स्वभावाने रागीट होते. वर्गात तो राग खपून गेला. घरात त्याने माझ्या आईचा पाय घेतला.

आई सोनगीरला माझ्या भावाकडे राहायची, मी जळगावला. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. पाण्याचा हंडा उचलताना तिच्या पाठीत कळ आली आणि ती वाकली ती वाकलीच. मी तिला जळगावला आणून दाखवलं. हाडं ठिसूळ झाली होती. डॉक्टरांनी गोळी दिली आणि मला दोनदा बजावलं, चौदा दिवस रोज एक, मग अडीच महिने अजिबात नाही, मग पुन्हा चौदा दिवस. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तोंडी समजावलं. तिने ते माझ्यासमोर पाठ म्हणून दाखवलं.

पुढे परीक्षा, पेपर, पोरांची आजारपणं यांत मीच ते विसरले. दिवाळीला माहेरी गेले तर फडताळात अख्खं पाकीट तसंच. माझं डोकंच फिरलं. वडिलांनी टीबीचं औषध मध्येच सोडलं होतं आणि त्यातच ते गेले होते. शेजारीण ओट्यावर बसली होती, तिच्यादेखत मी आईला फैलावर घेतलं.

"औषध अर्धवट टाकतेस? नानांचं काय झालं, विसरलीस?"

"पन बाई, तूच तं..."

"मला शिकवू नकोस!"

दुसऱ्या दिवसापासून तिने एकही दिवस चुकवला नाही. गोळ्या संपल्या की निरोप यायचा, मी ओळखीच्या दुकानातून घेऊन पाठवायचे. दर सुट्टीत ती पिशवीभर रिकामी पाकिटं माझ्यापुढे ओतायची. "देख, बठ्ठ्या खाई टाक्यात." सगळ्या खाऊन टाकल्या म्हणून मी तिला शाबासकी द्यायचे, वर्गातल्या पोरीला द्यावी तशी.

तिसऱ्या वर्षी ती मांडी दुखते म्हणू लागली. मी म्हटलं, तेल चोळ, पण गोळी सोडू नकोस. एका सकाळी न्हाणीचा उंबरा ओलांडताना ती खाली बसली. पडलीही नाही, नुसती बसली. मांडीचं हाड मोडलं होतं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो खिडकीशी धरला. मोडण्याआधीच ते हाड बाहेरच्या बाजूला वाकलं होतं, विळ्यासारखं. दुसऱ्या मांडीचंही वाकायला लागलं होतं. गोळीला मध्ये खंड दिला नाही म्हणून नवं हाड कच्चंच राहिलं आणि अंगाच्या भाराने वाकत गेलं, असं ते म्हणाले. अडीच महिने! मला तेव्हा कुठे आठवलं; दिवाळीतलं ते अख्खं पाकीट त्याच खंडातलं होतं.

"रोज घ्यायला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पोरनी बराबर सांगेल व्हतं," ती म्हणाली. "मालेच ध्यान नही ऱ्हायनं."

डॉक्टर तिच्यावर ओरडले, भावजयीसमोर, नर्ससमोर. माझं ऐकून घेतलं होतं तसंच तिने त्यांचंही मान खाली घालून ऐकून घेतलं. मी शेजारी उभी होते आणि बोलले नाही.

ती पुन्हा चालली नाही. चार वर्षं खाटेवर होती. तुझंच बरोबर होतं, एवढंच मला तिला सांगायचं होतं. दर सुट्टीत मी ते ठरवून जायचे आणि तिचे पाय चेपून परत यायचे.