यात्रा कमिटीचे आभार

"पावणं, जनरेटर बंद म्हंजी माइक बंद. अन् माइक बंद म्हंजी घाट मेला की हो!"

यात्रा कमिटीचे अध्यक्ष तात्या मला मंडपात बसवून हे ऐकवत होते. समोर घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढणीवर, बैलगाडे सुटत होते. चैत्रातली टळटळीत दुपार. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी जुन्नर तालुक्यातल्या रेडिओ दुर्बिणीवर शास्त्रज्ञ होतो आणि माझी मागणी एवढीच होती, की चार वाजता वीस मिनिटं जनरेटर बंद ठेवा.

रेडिओ दुर्बिणीला दिवस काय आणि रात्र काय. ती आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडते. पण पेट्रोलच्या जनरेटरचा स्पार्क प्लगही तसल्याच लहरी सोडतो, आणि तो दोन मैलांवर. आकाशातला बिचारा स्रोत किती लांब! सकाळी चाचणी घेतली तर डेटात नुसता कचरा. तो कुठून येतो ते शोधत शोधत मी या घाटावर येऊन पोचलो होतो.

त्या दिवशी चार वाजता चंद्र एका दूरच्या दीर्घिकेच्या आड येणार होता. नाही, चुकलो, दीर्घिका चंद्राच्या आड जाणार होती. तिचा सिग्नल कसा मावळतो त्यावरून तिचा आकार कळतो. युरोपातला एक गट आमच्याबरोबर पहिल्यांदाच काम करत होता. तिकडे तेव्हा चंद्र उगवलेलाच नव्हता, म्हणजे सगळी भिस्त आमच्यावर. आणि माझी विद्यार्थिनी मेधा, तिचा अख्खा थिसिस या वीस मिनिटांवर अडला होता.

"मंग चंद्राला म्हणावं, पाचला ये," तात्या म्हणाले. मंडप खो-खो हसला.

माझं डोकं सणकलं. "तात्या, तुमची बारी पुढंमागं होते. चंद्राची होत नाही! पोरीची चार वर्षं पाण्यात जातील!"

"कुठली पोरगी?"

"मेधा. इथलीच आहे, लोणीची."

"आपल्या लोणीची?" तात्या उठूनच उभे राहिले. "अहो, मंग हे आदी न्हाई का सांगायचं राव!"

पण पिंपरी पेंढारचे एक गाडामालक आडवे आले. त्यांची बारी, म्हणजे गाडा सोडायची पाळी, नेमकी चारला. "वरीसभर बैल पोसलं ते कशापायी? माइकवर नाव ऐकाया. मुक्यानं पळवू व्हय बैल?" त्यांचं काही चुकत नव्हतं. मला खरंच वाईट वाटलं.

तात्यांनी निवेदक संपतला हाक मारली. "संपत, नुसत्या गळ्यानं व्हईल का?"

"व्हईल की. माइक यायच्या आदी आमचा म्हातारा तसाच वरडायचा."

चारला जनरेटर गप झाला. संपत एका गाडीच्या टपावर चढला आणि त्याने अशी काही आरोळी ठोकली, की यंव रे यंव! त्याने घेतलेलं मालकाचं नाव पुढच्या लोकांनी उचललं, त्यांचं मागच्यांनी. गाडा सुटला तेव्हा अख्खा घाट ते नाव ओरडत होता. मालकांनी फेटा काढून हवेत उडवला. मी वर बघितलं. निळ्या आभाळात चंद्र फिकट दिसत होता. माझं बघून शेजारच्या चार म्हाताऱ्यांनीही माना वर केल्या. आज इतक्या वर्षांनी ती दुपार आठवली तरी जीव हरखतो.

तिकडे काय झालं ते मला कळायला मार्ग नव्हता. आमची डिझेलची जीप घेऊन परत गेलो. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, म्हणून दुर्बिणीजवळ तेवढीच चालायची. मेधा कागदाची गुंडाळी घेऊन दारातच उभी होती.

"सर, बघा ना!" सिग्नलची रेघ सरळ येऊन स्वच्छ खाली उतरली होती. मेधा हसत होती आणि डोळेही पुसत होती.

आमचा संशोधनाचा पेपर छापून आला. शेवटी ज्यांचे आभार मानतात तिथे आम्ही यात्रा कमिटीचं नाव घातलं. छापण्याआधी युरोपातल्या सहकाऱ्याने विचारलं होतं, की या कमिटीने अनुदान किती दिलं? मी कळवलं, वीस मिनिटं. तेव्हापासून निरीक्षणाची तारीख ठरवताना मी आधी गावोगावच्या यात्रा विचारून घेतो.

काही वर्षांनी पेपरची प्रत द्यायला तात्यांकडे गेलो. त्यांनी उलटीसुलटी करून बघितली. "किती जनांनी वाचलं हे?"

मी सायटेशन म्हणजे काय ते सांगितलं. दुसऱ्या शास्त्रज्ञाने त्याच्या पेपरात आमच्या कामाचा हवाला द्यायचा. "तसे आठ-दहा आहेत. त्यातही दोन-तीन आमचेच."

"आं? एवढ्या लोकांसाठी आमी घाट गप केला?"

मी ओशाळलो. आमच्या धंद्यात माणसाची किंमत त्याच आकड्यावर ठरते.

"बरं, लोणीच्या पोरीचं काय झालं?"

"डॉक्टर झाली. त्याच युरोपातल्या लोकांनी नोकरीला बोलावून घेतलं."

"मंग झालं की!" तात्यांनी माझ्या पाठीत सणसणीत थाप मारली. "ते सांगायचं सोडून मोजत काय बसलाय राव?"