दूध पूर्वेला उतू घालवणारे आप्पाजी

आमच्या सासरच्या गोतावळ्यात कुणाचीही वास्तुशांत ठरली, की पहिला फोन भटजींना नव्हे, आप्पाजींना जातो. नव्या घरात दूध तापवून ते उतू घालवायचं, हा बंगळूरमध्ये मोठा सोहळा. त्यातून दूध पूर्वेला सांडलं की घराची भरभराट होते म्हणे. आणि ते पूर्वेला सांडवण्याची खात्रीची कला इथल्या अख्ख्या शिवाजीनगरात आप्पाजींकडेच आहे. शेगडीच्या पश्चिमेकडच्या पायांखाली ते बसची जुनी तिकिटं घडी घालून सरकवतात. हे फार मोठं गुपित आहे, म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे.

आप्पाजी माझ्या नवऱ्याचे, गिरीराजचे, चुलते. लग्न केलं नाही. जन्मभर सिटी बसमध्ये कंडक्टर होते. आता निवृत्त झालेत, पण आवाज अजून ड्यूटीवरच आहे. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड सुखाने नांदते. मी नागपूरची. पहिल्याच भेटीत ते मला म्हणाले, "स्वल्प सरक गं." असा शब्द बोलणारा माणूस नक्कीच संस्कृतचा पंडित असणार, असं वाटून मी त्यांना वाकून नमस्कार केला होता. कन्नडमध्ये 'जरा'ला रोजच 'स्वल्प' म्हणतात, हे मागाहून कळलं.

माझा मुलगा तनय दोन वर्षांचा आहे. त्याला गाईच्या दुधाची ॲलर्जी. दूध, दही, लोणी, तूप, पेढा, सगळं बंद. हे सांगितलं की लोक मलाच समजवायला बसतात. देशी गाईचं देऊन बघ, हळद घालून दे, सवय होईल. माझं डोकंच फिरतं. आप्पाजींचं म्हणणं तर त्याहून थोर. "तूप म्हणजे दूध नव्हे गं भार्गवी, ते अग्नीतून गेलेलं असतं." नुसतं म्हणून थांबले असते तर बरं. गेल्या दसऱ्याला माझी पाठ वळली आणि त्यांनी मऊ भातात चमचाभर साजूक तूप कालवून तनयला प्रेमाने भरवलं. त्याचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, आम्ही दवाखान्यात धावलो. संध्याकाळपर्यंत तनय सावरला. आप्पाजी काही सावरले नाहीत.

तेव्हापासून त्यांनी त्याला स्वतःच्या हाताने काही भरवलं नाही. घोडा व्हायचे, खांद्यावर घेऊन हिंडवायचे, पण पोरगं त्यांच्यापुढे आ वासून उभं राहिलं की माझ्याकडे बोट दाखवायचे. माझा राग केव्हाच निवळला होता. तसं मी त्यांना सांगितलंही, पण ऐकतील ते आप्पाजी कसले!

यंदा आम्ही बंगळूरातच बेळ्ळंदूरला फ्लॅट घेतला, वास्तुशांत ठरली, आणि माझ्या मनाने घेतलं की या घरात उतू जाणारं दूध माझ्या पोराला पिता आलंच पाहिजे. कुठेही प्रसाद वाटायला लागले की मी त्याला उचलून आतल्या खोलीत नेते आणि तो दारावर थापा मारत रडतो. निदान स्वतःच्या घरात तरी हे नको. डॉक्टरांनी तपासून सोयाचं दूध चालेल म्हणून सांगितलं होतं, आणि कॅल्शियम घातलेलं तसलं दूध तो रोज पीतही होता. मी ते आप्पाजींच्या कानावर घातलं.

"सोया? ते उतू जातं काय?"

"कुणास ठाऊक. बघू या ना."

"त्यापेक्षा शेळीचं?"

"नाही."

"म्हशीचं?"

"आप्पाजी, ती सगळी एकाच घराण्यातली. डॉक्टरांनी सगळ्यांनाच नाही म्हटलंय."

"सरी," म्हणजे ठीक आहे, म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवीभर सामान घेऊन हजर!

मग माझ्या स्वयंपाकघरात जे काही झालं ते मला आठवलं तरी हसू आवरत नाही. नारळाचं दूध फुटून वर तेल तरंगलं. बदामाचं तळाला लागलं. नाचणी भिजवून, वाटून, गाळून ठेवली, तर ती वर चढण्याऐवजी घट्ट होत गेली आणि तिची लापशी झाली. तनयने ती गूळ घालून चाटूनपुसून खाल्ली, अर्थात माझ्या हातून. विकतचं सोयादूध नुसतं रटरटत राहिलं. "बढतीची आशा सोडलेलं दिसतंय हे," आप्पाजी म्हणाले. शेवटी त्यांनी सोयाबीन भिजवले, सालं काढली, वाटून गाळले, आणि ते दूध गॅसवर ठेवून बस सोडावी तसे ओरडले, "रैट, रैट!"

दुधाने ऐकलं. बघता बघता फेस असा उसळला की गॅस विझला, ओटा भरला, आणि फेस खाली फरशीवर, आप्पाजींच्या पायांवर आला. ते तिथेच नाचायला लागले. पाठोपाठ मी. तनय तर आधीच नाचत होता.

वास्तुशांतीला वसुमती आत्यांना, म्हणजे आप्पाजींच्या थोरल्या बहिणीला, सुगावा लागला. "अय्यो! गाईचं दूध नाही? अपशकुन की रे हा!"

"अक्का, घरातलं लेकरू पीत नाही ते दूध उतू घालवून भरभराट कुणाची? गवळ्याची?"

 आप्पाजींनी तिकिटं सरकवली, हात जोडले, आणि सगळे पातेल्याकडे टक लावून उभे राहिले. फेस उसळला तो चहूबाजूंनी. तिकिटं भिजून लगदा झाली. "पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण!" आप्पाजी गरजले. "सगळे स्टॉप घेतले!" लोकांनी टाळ्या पिटल्या. आत्यासुद्धा पदराआड हसल्या.

दूध चांगलं उकळल्यावर आप्पाजींनी वाटीत घेतलं, साखर घातली, फुंकून निववलं आणि नेहमीसारखी वाटी माझ्यापुढे धरली. तनय माझ्या कडेवर होता.

"मी नाही," मी म्हटलं. "तुम्ही पाजा."

"नको गं. माझ्या हाताला..."

"तुमच्या हाताला काही झालेलं नाही, आप्पाजी. पाजा."

पहिला चमचा त्यांनी इतका जपून पुढे केला की निम्मा माझ्या पैठणीवरच सांडला. उरलेला तनयने गट्ट केला आणि पुन्हा आ वासला. आप्पाजी त्याच्या ओठांवरून नजर हलवेनात.

"सुजले काय?"

"नाही."

"आता?"

"नाही हो!"

तेवढ्यात तनयने त्यांच्या हातातला चमचा हिसकावला, वाटीत बुडवला आणि थेट त्यांच्या मिशीपाशी नेला. "आप्पा, आ कल."

इतक्या पाहुण्यांसमोर आप्पाजींनी आ केला. दूध मिशीवरून हनुवटीवर ओघळलं, आणि ते हसता हसता लहान मुलासारखे रडायला लागले.