चाक हवेत असताना

दुपारचं जेवण झाल्यावर मी पार्किंगमध्येच चटई टाकते, गाडीच्या शेजारी. डोळे जड होतात. रस्त्यावर भंगारवाला ओरडत जातोय, त्याचा आवाज लांब लांब होत जातो, आणि गाडीखालून दोन पाय बाहेर येतात. इंद्रजितचे. माझ्या नवऱ्याचे.

चार महिन्यांपूर्वीही असेच बाहेर होते. जुनी दोन दारांची स्पोर्ट्स कार, तिला मागचे शॉकअप आणि चाक धरून ठेवणारे आर्म बाहेरून मागवलेले, आणि घरीच बसवायचा हट्ट. उजवी बाजू झाली. डावी करता करता गाडीखालीच अॅटॅक आला. मी भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात. एक हाक मारली नाही माणसानं.

तेव्हापासून गाडी तशीच लोखंडी स्टँडवर उचललेली आहे, चाकं हवेत. दीर म्हणतात, भंगारात घाला. मी म्हटलं, माझा नवरा खाऊन बसलीय ही, जाईल तर स्वतःच्या चाकांवर जाईल. आज सकाळी व्हिडिओ बघून डावा आर्म मीच चढवला आणि होती नव्हती ती ताकद लावून बोल्ट आवळले.

"ऊर्मिला, हे काय करून ठेवलंस?" खालून आवाज येतो.

"काय केलं?"

"चाक हवेत लोंबकळतंय आणि बोल्ट गच्च केलास? गाडी खाली घेतलीस की आर्मच्या सांध्यातलं रबरी बुश पिळवटतंय. महिन्यात फाटेल. आधी जॅक लावून चाकावर वजन येऊ दे, मग शेवटचं आवळ. ढिला कर बघू ते."

माझं टाळकंच सटकतं. "अहो, मेल्यावर पहिल्यांदा आलात आणि बुशचं सांगताय?"

"पाना दे."

"चुलीत घाला तो पाना!"

शेगडी पेटलेलीच आहे. तांबडा रस्सा रटरटतोय आणि ओट्याला लागून गाडी स्टँडवर उभी आहे. हे फरशीवर उताणे, हात वर घालून खुडबुड चाललीय.

"त्या दिवशी मी इथंच होते," मी म्हणते. "हाक मारायला तोंड शिवलं होतं का?"

"डाव्या आर्मचे दोनच बोल्ट राहिले होते गं."

"आग लागो त्या बोल्टांना!"

"तुला सांगितलं असतं तर तू काम बंद पाडलं असतंस."

"पाडलंच असतं! कानाला धरून दवाखान्यात नेलं असतं!"

"म्हणून तर."

हे हसतात. माझ्या हातातली पळी मी फेकून मारते. ती पडते दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात. मधोमध गाडी, स्टँडवरच. स्ट्रेचरवाले तिला वळसा घालून जातात. डॉक्टर मला विचारतात, "आधी कधी दुखलं होतं का? नेमकं कुठं?" त्या दिवशी विचारलं होतं तसंच. मला सांगता येत नाही. एवढा संसार केला आणि मला आजही सांगता येत नाही.

मी ह्यांची कॉलर धरते. "सांगा ना त्यांना! गाडी कुठं कुरकुरते ते तुम्हाला रस्त्यावरून ऐकू यायचं. स्वतःचं दुखणं कळलं नाही होय? सगळे मलाच विचारतात हो. सासूबाई, दीर, शेजारीपाजारी. बाईला नवऱ्याचं एवढंही माहीत नव्हतं? का लपवलंत?"

हसू जातं. हे खाली बघतात.

"भ्यालो होतो गं."

"आणि माझं काय? मी नाही भ्यायले तुम्हाला तसं बघून?" माझा आवाज फाटतो. "कुठं दुखत होतं ते तरी सांगा आता."

हे हात उचलतात. ग्रीसनं माखलेला, काळाकुट्ट. अंगठा माझ्या गळ्याखाली, छातीच्या मधोमध टेकवतात. "इथं," म्हणतात. "अशी कळ यायची." आणि दाबतात. आणखी दाबतात. मला श्वास घेता येत नाही.

मी ताडकन उठून बसते. ऊन चटईपर्यंत आलंय. गाडीखाली कुणी नाही.

माझे हात स्वच्छ आहेत. जेवायच्या आधी साबणानं घासले होते, नखांतसुद्धा काळं नाही. पण गाऊनवर, गळ्याखाली मधोमध, ग्रीसचा ओला अंगठा उमटलाय. माझा अंगठा त्यावर ठेवून बघते. चारी बाजूंनी काळं उरतं.

मी गाडीखाली वाकते आणि सगळी कॉलनी ऐकेल अशी ओरडते, "आत्ता सांगताय होय? आत्ता?"