मावशीची बोटं

म्हणे सँडविच, आणि पावाचा पत्ता नाही! पार्टीवाल्यांना पाव नको होता, पोट सुटतं म्हणून. मग लेट्यूसच्या पानात अंडं, चिकन, काकडी भरायची, गुंडाळायचं आणि वरून कागदाची पट्टी लावायची. त्या पानाचे नखरे तर विचारू नका. आधी करून ठेवलं तर पाणी सुटून सगळ्याचा लगदा होतो. म्हणून सारी धावपळ शेवटच्या तासाला, आणि भिस्त मावशीवर.

मावशी म्हणजे केटरिंगच्या मालकिणीची सख्खी मावशी. बहीण गेल्यावर हिनंच पोरीला लहानाचं मोठं केलं, सुरी धरायला शिकवलं, आणि आता त्याच पोरीच्या स्वयंपाकघरात ती पानं गुंडाळत होती. एवढंच काय ते तिचं उरलं होतं. घरी बसायचं म्हटलं की ती आणखी एक ट्रे पुढ्यात ओढायची.

आणि तीच वेळ आली होती. काही महिन्यांपासून तिच्या डाव्या हाताची बोटं बधिर पडत चालली होती. एकदा गरम झाकण उचललं, तर चटका बसलेला आधी वासानं कळला. डॉक्टरकडे जावं तर भाचीला कळणार, आणि भाची सुरी काढून घेणार. म्हणून बाई गप्प. पान कोरडं झालं का ते बाकीच्या बायका हात लावून बघत, ही उजेडात धरून बघे. कुणाला पत्ता लागला नाही.

त्या दिवशी दोन ट्रे भरून दाराशी ठेवले होते. मावशी पानाची मधली जाड शीर सुरीनं तासत होती, आणि बघते तर पान लाल. डाव्या हातमोज्याच्या एका बोटाचं टोक गायब होतं. टेबलावर नाही, खाली नाही. म्हणजे ते कुठल्यातरी गुंडाळीत गेलं होतं. कधी, देव जाणे.

ट्रे उचलायला माणूस आला. नवा हातमोजा चढवायचा आणि तोंड मिटून बसायचं, इतकं सोपं होतं. मावशीनं हातमोजा घेतलासुद्धा. मग तिला स्वतःचीच किळस आली.

"ट्रे नेऊ नका," ती म्हणाली आणि तुटका हातमोजा भाचीपुढे धरला.

बाहेर पाहुणे ताटकळत होते आणि आत भाची एकेक गुंडाळी सोडत होती. दुसऱ्या ट्रेमध्ये हातमोज्याचा तुकडा सापडला, रक्तासकट. भाचीनं दोन्ही ट्रे कचऱ्यात ओतले, बायकांना पुन्हा पानं धुवायला लावली आणि मावशीला धरून मोरीपाशी नेलं. ती चिडली असती तर मावशीला बरं वाटलं असतं. पण तिनं नुसतं विचारलं, कापलं तेव्हाच का नाही सांगितलंस. मावशी म्हणाली, घाईत लक्ष गेलं नाही.

भाचीनं नळाखाली जखम धुतली. जखम चांगली खोल होती. तिनं मावशीच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"तिकडे बघ जरा. मी नख लावते, लागलं की सांग."

मावशीनं मान वळवली. पलीकडे बायका नवी पानं पुसत होत्या. तिनं वाट पाहिली, आणखी थोडी पाहिली.

"लाव की," ती म्हणाली.

भाचीनं नख केव्हाच रुतवलं होतं.