वन्संनी ब्रेक पसंत केले

आमच्या वन्संइतकी चिकित्सक बाई चारकोपपासून थेट मालवणपर्यंत शोधून सापडणार नाही, आणि सापडलीच तर वन्सं आधी तिच्यात चार दोष काढतील. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नोकरीतून निवृत्त झाल्यात, चारकोपच्या छोट्याशा घरात एकट्या राहतात आणि कुठलीही वस्तू वापरून बघितल्याशिवाय घरात आणत नाहीत. कुकर घ्यायला गेल्या तेव्हा पिशवीतून तूरडाळ घेऊन गेल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "एक शिट्टी काढून दाखवा." उशी घ्यायच्या वेळी दुकानातल्या गादीवर आडव्या झाल्या आणि खरोखरच झोपल्या. उठून म्हणाल्या, "झोप छान लागली, पण मान अवघडली. नको." लग्नाचंही तेच. एक मुलगा फार बोलतो म्हणून नको, दुसरा प्रत्येक गोष्टीला हो म्हणतो म्हणून नको. सासूबाई शेवटी वैतागून म्हणाल्या होत्या म्हणे, "अगो, घोव बघतंस काय वांगी निवडतंस?" त्यावर वन्संचं उत्तर, "वांगी निदान परत करता येतात, आई."

अशा या बाईंनी निवृत्तीनंतर काय घ्यावं? सायकल! तीही साधी नाही. शर्यतीतल्यासारखी, वाकड्या हँडलची रोड बाइक. ती पसंत होईपर्यंत सायकलच्या दुकानाला नवा रंगही देऊन झाला. पण एकदा घेतली आणि बाई हरखून गेल्या. पहाटे निघायचं, वर्सोव्याला जायचं, तिथून होडीत सायकल चढवून मढला उतरायचं आणि घामाघूम होऊन आमच्याकडे बोरिवलीला नाश्त्याला हजर! सायकलचे टायर मात्र बांगडीसारखे बारीक. एका सकाळी पेव्हर ब्लॉकच्या फटीत पुढचं चाक रुतलं आणि वन्सं आपटल्या. कोपर सुजलं, गुडघे फुटले, आणि आम्हाला कळलं ते दोन दिवसांनी, शेजारणीकडून.

नवरा तडक चारकोपला गेला. "ताई, आता बस झालं. वय बघ जरा. विकून टाक ती."

"टायर बारीक होता रे. वयाचा काय संबंध?"

आणि कोपर बरं होताच त्यांनी जाड टायर आणून बसवले. चाक मात्र फिरेना. रिमला दोन्ही बाजूंनी दोन हातांनी धरणारा तो कॅलिपर ब्रेक, त्याच्या कमानीचं पोट नव्या टायरला घासायला लागलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, डिस्क ब्रेकवाली नवीन घ्या." माझ्या नवऱ्याला तर मनातून आनंदच झाला, आता आपोआप सायकल सुटेल. वन्सं म्हणाल्या, "दारातून कपाट आत जात नाही म्हणून कोणी घर विकतं का?"

मग सुरू झालं ब्रेक बघणं. पुढचं चाक काढून सायकल रिक्षात घालायची, तिच्या एका बाजूला वन्सं, दुसऱ्या बाजूला मी, आणि हँडल माझ्या मांडीवर. अंधेरी झालं, मुलुंड झालं. प्रत्येक दुकानात वन्सं सायकलला ब्रेक लावून घ्यायच्या, चष्मा कपाळावर सरकवून वाकून बघायच्या आणि मला हळूच सांगायच्या, "रूप छान आहे गं, पण हात आखूड. पोट टायरला लागतंच." दुसऱ्या दुकानात, "याचे हात फारच लांब. रबरं रिमच्या खाली उतरतात. आणि लांब हातांची पकड ढिली असते."

मुलुंडचा दुकानदार हसायला लागला. "काय मॅडम, लग्न जमवताय की काय?"

"लग्नात एवढं बघू देत नाहीत," वन्सं म्हणाल्या, "म्हणून तर राहिले."

अखेर घाटकोपरला जमलं. बेताचे हात, घट्ट पकड, आणि टायर नि ब्रेकच्या मधून पेन्सिल आरामात सरकत होती. वन्संनी चाक फिरवलं, ब्रेक दाबला, पुन्हा फिरवलं, पुन्हा दाबला. मग माझ्याकडे बघून इतकं सुंदर हसल्या की मला वाटलं, साखरपुडा उरकला.

रविवारी आरे कॉलनीत चाचणी ठरली. नवरा म्हणाला, "मी मागे स्कूटरवर असणार, नाहीतर चाचणी नाही." डिकीत मलमपट्टीचं सामान, मागच्या सीटवर मी. उतारावर वन्सं अशा सुटल्या की मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा वळणावर तबेल्यातली एक म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी होती. वन्संनी दोन्ही ब्रेक दाबले आणि सायकल जागच्या जागी थांबली. थांबलो नाही ते आम्ही. नवऱ्याने स्कूटर बाजूला काढली ती सरळ झुडपात. लागलं कोणालाच नाही, पण नवऱ्याच्या केसांत पाला, आणि म्हैस शांतपणे बघतेय. वन्सं सायकल झाडाला टेकवून आल्या.

"मेल्या, तुझे ब्रेक कोणी पसंत केले?"

हसून हसून मुरकुंडी वळली आमची. मग तिथेच टपरीवर चहा घेतला. हसू ओसरल्यावर नवऱ्याने ग्लासात बघतच विचारलं, "ताई, त्या दिवशी पडलीस तेव्हा मला फोन का नाही केलास?"

वन्संनी चहावर फुंकर घातली. "आधी आपलं आपल्याला उठता येतंय का ते बघत होते रे. एकट्या माणसाला पहिलं तेच बघावं लागतं." थोडं थांबून म्हणाल्या, "उठता आलं. मग म्हटलं, आता फोन कशाला?"

 त्यानंतर नवऱ्याचा एकही रविवार चुकला नाही. वन्सं दर शनिवारी फोन करून बजावतात, "उद्या येऊ नकोस उगाच, झोप जरा." तो झोपत नाही. आणि आम्ही पोचतो तेव्हा आरेच्या नाक्यावर, एक पाय जमिनीला टेकवून, रस्त्याकडे बघत वन्सं थांबलेल्या असतात.